बोर्बनची धार

मतदानाआधीची दारूबंदी सुरू व्हायला पाऊण तास उरला होता आणि वत्सलाच्या घरात एक बाटली होती. एकच. पण मोठी, सीलबंद, परदेशी, आणि सगळ्या बांधपाड्याला ठाऊक असलेली. आता अशी बाटली कुणाच्याही घरात असली तर कोण विचारतो? पण वत्सला उभी होती सरपंचपदाला, मतदान परवावर आलेलं, आणि आज संध्याकाळी तिच्या लेकीची, हेमालीची, हळद. मांडव भरलेला. अशा मांडवात बाटली सापडली तर लोक काय म्हणतील ते सांगायला ज्योतिषी नको.

लग्नाची तारीख दिवाळीत ठरली, निवडणूक नंतर लागली. तारीख बदलायची म्हटलं तर मुलाकडचे वाणगावचे, त्यांनी हॉल घेतलेला, पत्रिका वाटलेल्या. मग वत्सलाने म्हटलं, होऊ दे दोन्ही. एका हाताने अक्षता वाटीन, दुसऱ्या हाताने पत्रकं. बाई तशी हिंमतीची. चार वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हाही चौदाव्या दिवशी ती टोपली घेऊन तारापूरच्या बाजारात बसलेली लोकांनी पाहिली होती.

तिला सरपंचपदाला उभी केली ती पाड्यातल्या चाळीस घरच्या बायांनी, आणि एकाच गोष्टीसाठी. घिवलीच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांब पट्टा आहे. तिथे बांबूंच्या वलांडी उभ्या असतात आणि त्यांवर बोंबील सुकतात. त्या सुकटीवर चाळीस चुली पेटतात. तो पट्टा सपाट करून मालाच्या गाड्या उभ्या करायला द्यायचा घाट घातला गेला होता. घालणारा कोण? कृष्णकांत. वत्सलाचा सख्खा मोठा दीर. आधी तो स्वतः सरपंच, मग एकदा पडला, मग पुन्हा आला, आणि आता जागा बाईसाठी राखीव झाली तर त्याने बायकोला, प्रेमलाला, उभं केलेलं. जाऊ विरुद्ध जाऊ. एकच अंगण, मधे कुंपणसुद्धा नाही.

आणि त्या दोन्ही घरांचा म्हातारा एकच, कमलाकांत मास्तर. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला. मोठ्या मुलाकडे जेवायचा, धाकट्या सुनेकडे झोपायचा, आणि दोघांकडे राजकारणावर तोंड उघडायचा नाही. पण शब्दांवर बोलायला लागला की थांबवायची सोय नाही.

ती बाटली प्रीतमने आणलेली. प्रीतम म्हणजे वत्सलाचा नवरा, मालवाहू बोटीवर खलाशी. शेवटच्या खेपेला घरी आला तेव्हा पिशवीतून बाटली काढून त्याने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, हेमालीच्या हळदीला हिची धार पितरांना पडंल, तोवर कोणी हात लावायचा नाय. मास्तरांनी चष्मा लावून लेबल वाचलं. बोर्बन. शेजारची पोरं हसली, म्हणाली, बिस्किटाची बाटली! झालं. मास्तरांना तेवढंच हवं होतं. बिस्किट राहू दे बाजूला, म्हणाले, हे फ्रान्सच्या राजांचं घराणं. एका राजाचं तर लोकांनी डोकंच उडवलं. त्यांनी अमेरिकेला लढाईत मदत केली म्हणून तिकडे एका जिल्ह्याला त्यांचं नाव दिलं, आणि मक्याच्या दारूला नाव पडलं ते त्या जिल्ह्यावरून, असं पुष्कळ लोक मानतात. पुढे तिकडचे जे पुढारी जुनं काही सोडेनात, आपलीच सत्ता आपल्याच घरात धरून बसले, त्यांनाही लोक बोर्बन म्हणायला लागले. राजा गेला, दारू राहिली, आणि पुढाऱ्याला शिवी झाली, असं म्हणून मास्तर आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसले.

तेव्हा कृष्णकांत दारात उभा होता. पडून पुन्हा निवडून आल्याला त्याला महिनाच झालेला. तो हसला नाही. प्रीतम मात्र मोठ्याने हसला आणि म्हणाला, दादा, म्हंजे तू आमचा बोर्बन. त्या हसण्यावरून आणि वाळूच्या पट्ट्यावरून मग दोघा भावांची अशी काही जुंपली की बोलणंच बंद. आणि वर्षाच्या आत प्रीतमच्या छातीत कळ आली, बोईसरला पोचेपर्यंत सगळं आटपलं. कृष्णकांतने भावाला खांदा दिला, सगळे विधी केले, पण त्या दिवसापासून त्याच्या तोंडून प्रीतम हे नाव कुणी ऐकलं नव्हतं. नाव घ्यायची वेळ आली की तो 'धाकटा' म्हणायचा.

तर आता, साडेचारच्या सुमाराला, वत्सलाचा फोन वाजला. तिचा भाऊ ललित, बोईसरला रिक्षा चालवणारा. नाक्यावरून बोलत होता आणि धापा टाकत होता. ताय, म्हणाला, भरारी पथकाची गाडी निघाली, क्यामेरावाला पण हाय. तुझ्याच पाड्याचा पत्ता विचारत होते. कुणीतरी फोन करून कळवलंय की तू मांडवात परदेशी दारू वाटणार हायस.

वत्सलाने तो एकच शब्द धरला. परदेशी, असं सांगितलं होतं. बाटली तर सगळ्या पाड्याला ठाऊक, पण तक्रार करून फायदा होणार तो एकाच घराचा. कोण ते तिला विचारायची गरज नव्हती. डोळ्यांपुढे प्रेमलाचा चेहरा आला आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"ओतून टाक मोरीत," ललित म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "नायतर असं कर. तुझ्या दिराच्या मागच्या दारी बर्फाची पेटी हाय ना? त्यात टाकून ये. आणि पथक आलं की मी पाठून फोन करून सांगतो, पेटी बघा म्हणून. ज्यानं खड्डा खणला, पडू दे त्यालाच."

तिने फोन ठेवला. आधी मास्तरांकडे गेली, सगळं सांगितलं, फक्त पेटीचं सांगितलं नाही. मास्तर म्हणाले, पाण्याने धार घाल, देवाला काही फरक पडत नाही. पण मांडवात चंद्रकांताआजी बसली होती, धवलारीण. पाड्यातली हळदीची गाणी तिच्या तोंडून निघाल्याशिवाय हळद लागत नाही. ती म्हणाली, कर्त्या पुरुषानं होडीच्या नाळेवर दारूची धार घालायची, पितरांची नावं घ्यायची, मग मी तोंड उघडीन. पाण्यानं तुज्या बापाची हळद झाली काय, मास्तर? आणि तिथेच पाटावर बसलेली हेमाली, हिरव्या साडीत, आईकडे बघून एवढंच म्हणाली की बाबांनी आणलेली हाय ती.

यात आणखी एक मेख होती. बाप नसला तर धार घालायची मोठ्या काकाने. पत्रिकेत कृष्णकांतचं नाव पहिलं छापलेलं, वत्सलानेच छापलेलं. पण कृष्णकांत सकाळपासून मांडवात फिरकला नव्हता. प्रेमला तासाभरापूर्वी येऊन कोपऱ्यात उभी राहिली होती, कोणाशी बोलत नव्हती.

वत्सलाने कपाट उघडलं. बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. तिने ती पदराखाली घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. कुठे जातेय ते तिने स्वतःलाही नीट सांगितलं नाही. पाय मात्र बरोबर दिराच्या मागच्या दारी गेले.

बर्फाची पेटी तिथेच होती, निळी, माणूस मावेल एवढी. तिने झाकण वर केलं. आत बर्फाचा चुरा आणि त्यात सरंगे मासे. गार वाफ तोंडावर आली. बाटली पदराबाहेर निघाली, हात पेटीवर गेला. एवढंच करायचं होतं, सोडून द्यायचं. चाळीस चुली वाचल्या असत्या. आणि ज्याने केलं त्याला फळ मिळालं असतं, वर कोणी तिला नावं ठेवली नसती. तिने मनाशी म्हटलं, सोड, वत्सले, सोड. पण बोटं काही केल्या उघडेनात. काचेवर प्रीतमने पेनाने लिहिलेलं होतं, लेबलाच्या कोपऱ्यात, 'हेमा'. ते अक्षर बर्फात पुरायचं?

कोणीतरी घसा खाकरला. ती दचकली, बाटली पुन्हा पदराखाली गेली. पलीकडच्या पायरीवर, भिंतीच्या आडोशाला कृष्णकांत बसला होता. पांढरा सदरा, नवी टोपी, काखेत टॉवेल. म्हणजे हळदीला निघण्यासारखे कपडे करून बसलेला, आणि बसूनच राहिलेला. त्याचं तोंड समुद्राकडे होतं. त्याने पाहिलं की नाही हे तिला कळेना.

क्षणभर तिला वाटलं, पळावं. मग तिला एकदम राग आला, स्वतःचाही आणि त्याचाही, आणि त्या रागातच ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर बाजूला केला.

"भावजी, चला. धार घालायची हाय. पत्रिकेत तुमचं नाव हाय."

कृष्णकांतने बाटलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. ते घड्याळाकडे बघणं वत्सलाच्या काळजात रुतलं. फोन करणारी प्रेमला नव्हती. हा होता. पथक किती वाजता पोचणार ते याला ठाऊक होतं. आता हा बाटली हातात घेईल, सावकाश चालेल, सावकाश सील फोडेल, आणि गाडी दाराशी येऊन उभी राहील तेव्हा बाटली बरोबर तिच्या मांडवात असेल. याला फक्त वेळ काढायचा होता. आणि तिनेच आपल्या पायांनी येऊन ती त्याच्यापुढे धरली होती. काय म्हणावं या बुद्धीला!

तो उठला. बाटली घेतली आणि खरंच सावकाश चालायला लागला. गुडघे दुखतात म्हणून की मुद्दाम, कोण सांगणार? वत्सला मागून चालत होती. परत मागावी तर काय सांगून मागावी?

मांडवात त्याला पाहून बाया बाजूला झाल्या. प्रेमलाने नवऱ्याच्या हातात बाटली बघितली आणि तिचा चेहरा पडला. तीही जाणून होती तर. ती दोन पावलं पुढे आली, कृष्णकांतने तिच्याकडे बघितलंच नाही.

मांडवापलीकडे वाळूत मास्तरांच्या वडिलांची जुनी होडी ओढून ठेवलेली आहे. आता ती पाण्यात जात नाही, पण घरातलं प्रत्येक कार्य तिच्या नाळेपासून सुरू होतं. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. तिथे हळद-कुंकू लावलेलं, नारळ ठेवलेला. हेमालीला आणून उभी केली. कृष्णकांतने सील फोडलं. त्या वेळी बंधाऱ्यावर पांढरी गाडी वळताना वत्सलाला दिसली. पाच मिनिटं. फार तर सहा.

बूच निघालं. वास पसरला, गोडसर, लाकडासारखा. कृष्णकांतने बाटली तिरकी केली आणि पहिलं नाव घेतलं, जिवल्या. बारीक धार नाळेवर पडली. मग थांबला. दुसरं नाव, भिका. पुन्हा थांबला. गाडी वलांडींच्या रांगेपर्यंत आली. तिसरं नाव, जानू, म्हणजे मास्तरांचे वडील. मग त्याने आईचं नाव घेतलं. बाटलीत अजून निम्म्याहून जास्त दारू होती. वत्सलाला ओरडावंसं वाटत होतं की लवकर घ्या, पण धार घालणाऱ्याला मधे टोकायचं नसतं.

उरलं एकच नाव. सर्वांत शेवटी गेलेल्याचं नाव सर्वांत शेवटी घ्यायचं आणि ते पूर्ण घ्यायचं, त्याखेरीज धार पुरी होत नाही. 'धाकटा' म्हणून इथे भागत नव्हतं.

कृष्णकांतचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्याने घसा साफ केला, पुन्हा तोंड उघडलं. गाडीचं दार वाजलं. त्याची नजर बाटलीवर होती, लेबलाच्या कोपऱ्यातल्या 'हेमा'वर. वत्सलाने त्या माणसाला तीस वर्षं पाहिलं होतं. सभेत, भांडणात, खांदा देताना. असा कधी पाहिला नव्हता. चंद्रकांताआजी हळूच म्हणाली, घे बाबा, नाव घे, वाट बघत आसंल तो.

"प्रीतम," कृष्णकांत म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्या वाळूला ऐकू जाईल असं, "प्रीतम कमलाकांत."

आणि त्याने बाटली पुरती उलटी केली. घटघट आवाज करत सगळी दारू नाळेवर ओतली गेली, फळ्यांवरून ओघळून वाळूत गेली. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्याने हात सरळ केला नाही. वाळूने सगळं पिऊन टाकलं.

पथकाचे साहेब तोवर मांडवात शिरून इकडे आले होते. तरुण, घामाघूम, हातात कागद. मागे कॅमेरावाला. त्यांनी रिकामी बाटली कृष्णकांतच्या हातात पाहिली, वास घेतला, ओली वाळू पाहिली. इथे दारूवाटप चाललंय अशी तक्रार आहे, म्हणाले, हे काय आहे?

मास्तर पुढे झाले. "बोर्बन आहे साहेब. मुळात हे एका राजघराण्याचं..."

"व्हिस्की का?" साहेबांनी मधेच विचारलं.

मास्तर म्हणाले, हो, व्हिस्कीच. साहेबांनी विदेशी मद्य असं लिहिलं, आणि विचारलं की बाटली कोणाची? हे घर उमेदवार बाईंचं ना?

वत्सला पुढे आली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने तोंड उघडलं, माझी, असं म्हणायला. चाळीस बाया तिच्याकडे बघत होत्या. त्या सगळ्यांच्या वलांडी तिच्या एका शब्दावर टांगलेल्या आणि तो शब्द ती आता उच्चारणार होती, कारण खोटं बोलायचं तर कोणाच्या नावावर बोलायचं?

"माझी," कृष्णकांत म्हणाला. "भावाने आणलेली. घरात मोठा मी. माझ्याच हातात सापडलीय, क्यामेऱ्यात बघा. कोणाला एक थेंब वाटला नाय, सगळी इथे ओतलीय. तिचं काय ते माझ्या नावावर लिवा."

"तुमचं नाव?"

त्याने नाव सांगितलं. कॅमेरावाल्याने साहेबांच्या कानाशी काहीतरी सांगितलं, की हे दुसऱ्या उमेदवार बाईंचे यजमान. साहेब जरा गोंधळले. मोबाईल नंबर विचारला. कृष्णकांतने सांगितला, एकेक आकडा करून. साहेब लिहिता लिहिता थांबले. हातातला दुसरा कागद, तक्रारीचा, वर काढून त्यांनी पाहिला. पुन्हा कृष्णकांतकडे पाहिलं. तक्रारदाराचं नाव फोडायचं नसतं हे त्यांना ठाऊक असणार, म्हणून ते हलक्या आवाजात म्हणाले की दुसरा एखादा नंबर असेल तर द्या.

"दुसरा नाय," कृष्णकांत म्हणाला, आणि आवाज अजिबात हलका केला नाही. "हाच हाय. दुपारी याच्यावरूनच तुमाला फोन केलेला. मीच."

प्रेमलाने पदर तोंडाला लावला. मास्तर होडीच्या कडेला हात टेकून उभे होते, त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी लिहायचं ते लिहिलं, कृष्णकांतची सही घेतली, रिकामी बाटली पिशवीत घालून सील केली. हेमालीच्या नावाचा तो कोपराही बाटलीबरोबर गेला. गाडी बंधाऱ्यावरून परत गेली तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता.

कोण पुढे होणार? कोणी होईना. कृष्णकांत होडीपाशी तसाच उभा. इतकी वर्षं गाव चालवलेला माणूस, आणि आता कोणत्या बाजूला पाय टाकावा ते त्याला कळत नव्हतं. घरी जावं तर मांडवातून जायचं, आणि मांडवात सगळ्या त्या बाया, ज्यांची वाळू तो विकायला निघाला होता.

वत्सलाने हळदीचं ताट उचललं आणि त्याच्यासमोर धरलं. इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "भावजी, मी ती बाटली तुमच्या पेटीत टाकायला आलेले. खोटं नाय सांगत."

"ठाऊक हाय मला," कृष्णकांत म्हणाला. "झाकण उघडं टाकून आलीस. सरंगे खराब होतील."

त्याने टॉवेलने डोळे पुसले, पुतणीकडे वळला आणि दोन बोटं हळदीत बुडवली. हेमालीने गाल पुढे केला. चंद्रकांताआजीने गळा मोकळा केला आणि पहिलं गाणं उचललं.